तळव्यावरचा भार: मधुमेहींच्या पायांविषयी वाचकांचे प्रश्न

मधुमेह आणि पाय या विषयावर आलेल्या पत्रांतली काही निवडक पत्रे घेतली आहेत. बहुतेक पत्रे कोल्हापूर शहर आणि जवळच्या तालुक्यांतली आहेत. नावे छापलेली नाहीत.

वडिलांना चौदा वर्षे शुगर आहे. गल्लीतल्या शिबिरात त्यांना एका यंत्रावर उभे केले आणि पायाचे रंगीत चित्र हातात दिले. उजव्या अंगठ्याच्या मागे, चवड्यावर लाल डाग आहे. ‘इथं दाब जास्त आहे, खास सोल घ्या’ असे सांगितले. वडील म्हणतात, मला काहीच दुखत नाही, उगाच खर्च कशाला? — राजारामपुरी

‘काहीच दुखत नाही’ ही तुमच्या पत्रातली सर्वांत काळजीची ओळ आहे. तळव्याला जाण असलेला माणूस खडा टोचला की नकळत पाऊल तिरके टाकतो, चप्पल चावली की काढून हातात घेतो. जाण गेली की हा बचाव थांबतो. मग एकाच जागेवर दिवसभरात हजारो वेळा तोच भार पडतो. आतली ऊती आधी फाटते, कातडी नंतर. वरून जखम दिसते तेव्हा आतले नुकसान बरेच पुढे गेलेले असते.

आता चित्राविषयी. यंत्रावर नुसते उभे राहिल्यावर वजन दोन्ही पायांवर वाटले जाते. चालताना, टाच उचलण्याच्या क्षणी, जवळजवळ सगळे अंग एका पायाच्या चवड्यावर येते. म्हणून उभे राहून काढलेल्या चित्रात दाब कमी दिसू शकतो. खरी तपासणी चालताना होते: अनवाणी, रोजच्या वेगाने, नजर समोर ठेवून. यंत्राकडे बघत चालणारा माणूस पाऊल नेमके त्यावर पडावे म्हणून शेवटची ढांग लांबवतो किंवा आखडतो, आणि आकडा बिघडतो. त्यामुळे प्रत्येक पायाची तीन ते पाच नैसर्गिक पावले घेऊन सरासरी काढावी लागते.

लाल रंगाला घाबरू नका आणि हिरव्यावर विसंबूही नका. कोणत्या आकड्याला कोणता रंग द्यायचा हे यंत्राच्या सेटिंगवर असते, म्हणून दोन यंत्रांची चित्रे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. ‘सर्वाधिक दाब किती किलोपास्कल, आणि नेमका कुठे?’ असे विचारा. दुसरा प्रकार म्हणजे बुटात पातळ सेन्सरची सोल घालून चालवणे. पादत्राण उपयोगाचे आहे की नाही हे त्यावरच कळते. बुटाच्या आत धोक्याच्या जागेवरचा दाब २०० किलोपास्कलच्या खाली यावा, किंवा आधीच्या पादत्राणापेक्षा निदान ३० टक्क्यांनी उतरावा, असे उद्दिष्ट आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत धरलेले आहे. सोल विकणारा असे आधीचे आणि नंतरचे मोजमाप दाखवू शकत नसेल, तर खर्च करायची घाई करू नका.

यंत्र नसले तरी बरेच कळते. वडिलांची जुनी चप्पल उलटसुलट करून पाहा. आतला खोल, काळपट खळगा जिथे आहे तिथे भार जास्त. तळव्यावर घट्टा कुठे आहे ते पाहा. घट्टा म्हणजे दाबाने स्वतः लिहिलेला रिपोर्ट, आणि तो फुकट मिळतो. घट्ट्याखाली तांबूस-काळा डाग दिसला तर आत रक्त साकळले आहे, म्हणजे जखम तयार होते आहे. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. घट्टा स्वतःही दाब वाढवतो. तो तज्ज्ञाने नीट तासून काढला की त्या जागेचा दाब साधारण चतुर्थांशाने उतरतो. मात्र तो पुन्हा येतोच, म्हणून दर काही आठवड्यांनी हे करावे लागते. घरी ब्लेड लावायचे नाही.

भार एका जागी का साचतो? पायातले छोटे स्नायू दुबळे होतात, बोटे वाकडी होऊन वर उचलली जातात, चवड्याची हाडे खाली दाबली जातात आणि त्यांच्याखालची चरबीची गादी पुढे सरकते. दीर्घ काळ शुगर चढलेली राहिली की सांधेही ताठरतात. वडिलांना नमस्कारासारखे तळहात जोडायला सांगा. बोटांमध्ये फट राहत असेल तर पायाच्या सांध्यांतही हाच ताठरपणा असण्याची शक्यता धरा. अंगठ्याचा सांधा वर वळत नसेल किंवा पोटरीची शीर आखडली असेल, तर चवड्यावरचा भार आणखी वाढतो. तेव्हा सोल घेण्याआधी चार गोष्टी तपासून घ्या: स्पर्शाची जाण, रक्तपुरवठा, पायाचा आकार आणि सांध्यांची हालचाल.

सासूबाईंच्या पायाची जाण गेली आहे का, हे घरी कसे ओळखावे? दवाखान्यात एक नायलॉनचा दोरा टेकवतात, तो काय असतो? — कागल

घरी करायची परीक्षा अगदी सोपी आहे. सासूबाईंना डोळे मिटून झोपायला सांगा. तुमच्या तर्जनीचे टोक त्यांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला एक-दोन सेकंद हलकेच टेकवा. दोन्ही पाय मिळून सहा जागा. स्पर्श कळला की त्यांनी ‘उजवा’ किंवा ‘डावा’ म्हणायचे. सहापैकी दोन किंवा जास्त जागी उत्तर आले नाही तर जाण कमी झाली आहे असे धरून डॉक्टरांकडे जा. बोट दाबू नका, घासू नका, टोचू नका. कळले नाही म्हणून दुसऱ्यांदा जोरात टेकवले की परीक्षेचा उपयोग संपतो. ही पद्धत इंग्लंडमधल्या इप्सविच इथे तयार झाली आणि खूपच भरवशाची ठरली आहे.

दवाखान्यातला तो दोरा म्हणजे १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट. काटकोनात टेकवून वाकेपर्यंत दाबला की तो बरोबर १० ग्रॅम इतकाच भार देतो. अंगठ्याची गादी आणि चवड्यावर पहिल्या व पाचव्या बोटाच्या मुळाशी तो लावतात. घट्ट्यावर लावला तर निकाल चुकतो. एकाच दोऱ्याने ओळीने दहा जण तपासले की तो मऊ पडतो, मग त्याला दिवसभर विश्रांती द्यावी लागते. मोठ्या शिबिरात शेकडो जणांना एकच दोरा लावलेला दिसला तर त्या निकालावर फार विसंबू नका. जोडीला १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर ठेवून कंपन कळते का ते पाहतात. बायोथेसिओमीटर (कंपनाची जाण व्होल्टमध्ये मोजणारे यंत्र) असेल तर २५ व्होल्टच्या पुढचा आकडा धोक्याचा मानतात.

जाण शाबूत आणि रक्तपुरवठा चांगला असेल तर वर्षातून एकदा तपासणी पुरे. दोन्हींपैकी एक बिघडले असेल तर सहा ते बारा महिन्यांनी. दोन्ही बिघडले असतील, किंवा एकाच्या जोडीला पायाचा आकारही बदलला असेल, तर तीन ते सहा महिन्यांनी. आधी जखम होऊन गेली असेल किंवा बोट काढावे लागले असेल तर दर एक ते तीन महिन्यांनी.

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कापशी पायताण. मला नऊ वर्षे शुगर आहे, तळव्याला मुंग्या येतात. डॉक्टर म्हणतात कोल्हापुरी सोडा. कातडे नैसर्गिक आहे, मग अपाय कसा? — शिवाजी पेठ

तुमची ओढ आम्हाला कळते. या कारागिरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि कोल्हापूरच्या चप्पल लाईन बाजारातले काम अभिमान वाटावा असेच आहे. पण हे पायताण ज्या पायासाठी घडले तो पाय जागा होता. नवे पायताण आधी चावते, आपण ते काढतो, तेल लावतो, थोडे-थोडे घालून मऊ करतो. हे सगळे दुखण्याच्या भरवशावर चालते. बधिर पायात तेच पायताण पहिल्या दिवशी फोड आणते आणि संध्याकाळपर्यंत कुणाला पत्ता नसतो.

दोष नेमका कुठे? ठोकून घट्ट केलेला चामड्याचा तळ दबत नाही, त्यामुळे चवड्याच्या हाडांखाली भार तसाच राहतो. अंगठ्याचे कडे बोटाच्या मुळाशी घासते. मागे पट्टा नसल्यामुळे पायताण सुटू नये म्हणून बोटे आवळली जातात, आणि बोटे आवळली की चवडा आणखी दाबला जातो. टाच कडेवर आली की भेग पडते. रबरी हवाई चप्पलही याच कारणांनी वर्ज्य.

मुंग्या येणे म्हणजे सगळी जाण गेली असे नव्हे. वरची परीक्षा करून घ्या. जाण शाबूत असेल, आकार सरळ असेल आणि रक्तपुरवठा चांगला असेल, तर लग्नकार्यात तास-दोन तास जुने, मऊ झालेले पायताण घालायला आमची हरकत नाही. जाण गेली असेल तर तेवढेही नको.

बधिर पण सरळ पायासाठी एमसीआर सँडल चांगली. एमसीआर म्हणजे सूक्ष्म छिद्रांचे मऊ रबर. त्याचा थर साधारण १० मिलिमीटर हवा आणि त्याखाली कडक बाहेरचा तळ हवा, म्हणजे खिळा किंवा काटा आरपार येत नाही. मागे पट्टा, वर रुंद वेल्क्रोचे दोन पट्टे, बोटांमध्ये काहीही नाही, आणि आत एकही चूक (बारीक खिळा) ठोकलेली नाही. जोडणी शिवून आणि चिकटवून केलेली असावी. एमसीआरच्या नावाखाली साधा स्पंजही विकला जातो. अंगठ्याने जोरात दाबून सोडा: चांगले रबर लगेच वर येते, स्पंज पार तळाला टेकतो. वापरातल्या सँडलचीही दर दोन-तीन महिन्यांनी हीच परीक्षा घ्या. रबर दबून राहायला लागले की बाहेरून चांगली दिसणारी सँडलही बदलायची.

मापासाठी पुठ्ठा घ्या. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, पुठ्ठ्यावर उभे राहून दोन्ही पायांची बाह्यरेषा आखून घ्या. पुठ्ठा कापून बुटात सरकवा. कड दुमडली तर बूट अरुंद आहे. लांबी पायापेक्षा एक ते दोन सेंटिमीटर जास्त हवी. ‘घट्ट बसतंय का?’ हे बधिर पायाला विचारून उपयोग नाही. ज्याला जाण नाही त्याला सैल बूट नीट बसल्यासारखा वाटतच नाही, आणि म्हणून तो हमखास एक नंबर लहान घेतो. नवा जोड पहिल्या दिवशी एक तास घाला, मग पाय पाहा. लालसर खूण अर्ध्या तासात गेली नाही तर ती जागा सैल करून घ्या.

बोटे वाकडी असतील किंवा आधी जखम झाली असेल तर तयार सँडल पुरत नाही. पायाचा साचा घेऊन सोल बनवावी लागते. तीत चवड्याला आधार देणारी छोटी गादी असते. ती हाडांच्या टोकांच्या थोडी मागे बसली तर भार उतरतो, हाडांखालीच आली तर भार वाढतो. काही मिलिमीटरची चूक इथे महागात पडते. पुढून होडीसारखा वळलेला रॉकर तळही चवड्याचा भार कमी करतो. त्यावर चालताना सुरुवातीला तोल जातो, म्हणून वयस्कर माणसाने काठी घेऊन सवय करावी.

उसाला पाणी पाजताना चप्पल चिखलात रुतते, म्हणून अनवाणीच जातो. पायाला भेगा आहेत, पण दुखत नाहीत. — शिरोळ

तोडलेल्या उसाचे बुडखे आणि पाचटाखाली दडलेला काटा, या दोन गोष्टींनी शेतकऱ्यांचे पाय जातात. गुडघ्यापर्यंतचे गमबूट घ्या, आत जाड सुती मोजे. गमबुटात घाम साचतो आणि बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून फाटतात, म्हणून दुपारी मोजे बदला आणि बेचक्या कोरड्या पुसा. घालण्याआधी बूट उलटा करून झटका आणि हात घालून आत चाचपा. शेतातून आल्यावर पाय धुऊन उजेडात तळवा पाहा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा किंवा घरच्यांना सांगा. काटा मोडून आत राहिल्याची शंका आली तर सुईने उकरू नका. धनुर्वाताचे इंजेक्शन आणि काटा काढणे, दोन्ही दवाखान्यात.

भेगांना रात्री युरिया असलेले मलम किंवा साधे खोबरेल, पण बेचक्यांत काही लावायचे नाही. मीठ घातलेल्या गरम पाण्यात पाय बुडवून बसणे बंद करा. बधिर पाय भाजतो आणि कळत नाही. पाण्याचा अंदाज कोपराने घ्या, कोमट पाण्याने धुवा आणि पुसा. कुरूप जाळणाऱ्या पट्ट्यांत आम्ल असते, ते चांगली कातडीही खाते. रात्री धान्याच्या घरात झोपत असाल तर मच्छरदाणी नीट खोचून घ्या. बधिर बोट उंदराने कुरतडल्याचे सकाळी कळणे, असे आजही घडते.

भावाच्या तळव्याला, अंगठ्याखाली, रुपयाएवढी जखम आहे. चार महिने एक दिवसाआड ड्रेसिंग, तीन वेळा अँटिबायोटिक बदलले. भरत नाही. दुकान सोडून बसता येत नाही. — इचलकरंजी

तुमच्या पत्रात मलम आहे, पट्टी आहे, गोळ्या आहेत, पण जखमेवरचा भार कुणी काढल्याचा उल्लेख नाही. भाऊ त्याच जखमेवर उभा राहून दुकान चालवतो आहे. ही जखम औषधाअभावी अडलेली नाही, प्रत्येक पावलाला ती पुन्हा चिरडली जाते.

आधी दोन गोष्टी तपासून घ्या. पहिली, रक्तपुरवठा. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून गुणोत्तर काढतात. ते ०.९ च्या खाली असेल तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत. १.३ च्या वर असेल तर खूश होऊ नका: मधुमेहात रक्तवाहिन्यांच्या भिंती चुन्यासारख्या कडक होतात आणि आकडा खोटा चढतो, मग पायाच्या बोटाचा दाब मोजावा लागतो. दुसरी, जंतुसंसर्ग हाडापर्यंत गेला आहे का? डॉक्टर निर्जंतुक सळई जखमेत घालून हाड लागते का पाहतात आणि एक्स-रे काढतात. पहिला एक्स-रे स्वच्छ आला तरी शंका असल्यास दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा काढतात. लाली, सूज, उष्णता, पू यांतले काही नसेल तर अँटिबायोटिकने जखम लवकर भरत नाही.

रक्तपुरवठा ठीक आणि संसर्ग नसेल, तर तळव्याच्या अशा जखमेचा सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे टोटल कॉन्टॅक्ट कास्ट. पायाच्या आकाराला सर्व बाजूंनी चिकटून बसणारे, बोटांपासून गुडघ्याखालपर्यंतचे प्लास्टर. त्याच्या भिंती पोटरीवर भार घेतात, घोटा हलत नाही, ढांग आखूड होते आणि चवडा मोकळा राहतो. डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांवर काम करताना दाखवून दिले की या जखमा रोगाने सडून होत नाहीत, जाण नसलेल्या पायावर पडणाऱ्या भाराने होतात. पुढे तीच पद्धत मधुमेहींच्या पायांसाठी रूढ झाली. सूज उतरली की प्लास्टर सैल होते आणि घासते, म्हणून पहिले काही दिवसांतच बदलतात, नंतर दर एक-दोन आठवड्यांनी. साधी जखम बहुधा दीड-दोन महिन्यांत भरते. प्लास्टरचा पाय उंच होतो, तेव्हा दुसऱ्या पायातल्या चपलेला तेवढीच उंची द्या, नाहीतर कंबर धरते. प्लास्टर भिजले, वास आला, ताप आला किंवा शुगर अचानक चढली तर वाट न पाहता ते कापून घ्यायचे.

काढता-घालता येणारा गुडघ्याखालचा बूटही भार तितकाच कमी करू शकतो, पण माणूस तो घरी आल्याबरोबर काढून ठेवतो आणि रात्री लघवीला अनवाणी जातो. म्हणून कित्येक डॉक्टर त्या बुटाभोवती प्लास्टरची एक पट्टी गुंडाळून तो बंदच करून टाकतात. आमच्या मते हे उत्तम. दुकानात उंच स्टूल ठेवा आणि उठून करायची कामे दुसऱ्याला द्या. जखमेची लांबी आणि रुंदी दर आठवड्याला लिहून ठेवा. चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्यावर आले नाही तर उपचार बदलायला हवेत. भाऊ तंबाखू खात किंवा ओढत असेल तर ती आजच थांबवायला लावा.

आणि भरल्यानंतरचे आताच सांगतो: भरलेल्या दहा जखमांपैकी साधारण चार पहिल्या वर्षातच परततात. प्लास्टर निघेल त्या दिवशी साच्यावर बनवलेले पादत्राण तयार असले पाहिजे. ते नंतर करायला टाकू नका.

आईचा डावा पाय आठवडाभर लाल, गरम आणि सुजलेला आहे. फारसा दुखत नाही. एक्स-रेत काही नाही. मुरगळला असेल म्हणून वस्तादांकडून चोळून घेतला. — गडहिंग्लज

चोळणे ताबडतोब थांबवा. तालमीतल्या वस्तादांचा हात मुरगळण्यावर चालतो, पण तो जाण असलेल्या पायावर. मधुमेहाने बधिर झालेला पाय असा लाल आणि गरम झाला आणि जखम नसेल, तर तो शार्को पाय समजूनच चालायचे. आतली हाडे मऊ होऊन मोडायला लागलेली असतात. सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रे स्वच्छ असू शकतो, एमआरआयमध्ये कळते. याला संधिवात, गाऊट किंवा कातडीचा संसर्ग समजून औषधे दिली जातात आणि दरम्यान आई चालत राहते, पायाची कमान कोसळते, तळवा होडीसारखा बाहेर येतो. मग तिथे कायमची जखम.

आईंनी त्या पायावर एक पाऊलही टाकू नये. आजच अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) मोठ्या रुग्णालयात दाखवा आणि ‘मधुमेह आहे, पाय बधिर आहे, शार्को आहे का?’ हे शब्द स्वतःहून उच्चारा. प्लास्टर काही महिने लागते, दोन्ही पायांचे तापमान सारखे होईपर्यंत. पुढे घरात इन्फ्रारेड तापमापक ठेवा. दोन्ही तळव्यांच्या त्याच त्या जागा रोज मोजा. एका पायाची जागा दुसऱ्यापेक्षा २.२ अंश सेल्सियसहून जास्त गरम सलग दोन दिवस आली, तर चालणे कमी करून डॉक्टरांना कळवायचे.

मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी अंबाबाईला जाते, चैत्रात जोतिबाचा डोंगर अनवाणी चढायचा नवस आहे. पायाला जाण नाही असे सांगितले आहे. — मंगळवार पेठ

दर्शन सोडायला आम्ही सांगणार नाही. अंबाबाईला पहाटे किंवा सकाळी लवकर जा. एप्रिल-मे महिन्यांत दुपारच्या फरसबंदीवर बधिर तळवा काही मिनिटांत भाजतो आणि फोड घरी आल्यावर दिसतात. चप्पल शक्य तितकी आत, दाराजवळ काढा. रांग मोठी असेल त्या दिवशी, विशेषतः नवरात्रात, बाहेरूनच कळसाला हात जोडा. फिकट रंगाचे जाड सुती मोजे घाला. त्यांनी भार उतरत नाही, चटकाही पुरता थांबत नाही, पण खरचटणे कमी होते आणि रक्त किंवा पाणी लागले तर लगेच दिसते. घरी आल्यावर तळवा आणि बेचक्या पाहिल्याशिवाय झोपू नका.

डोंगर मात्र अनवाणी चढू नका. सँडल घालून गाडीने वर जा, गाभाऱ्यापुरतीच ती काढा. नवसाविषयी घरातल्या वडीलधाऱ्यांशी आणि गुरवांशी बोला, दुसरी सेवा नक्की सुचवतील. आणि घरात स्वयंपाकघरापासून न्हाणीपर्यंत वापरायला वेगळी एमसीआर सँडल ठेवा. घराबाहेर बूट आणि घरात अनवाणी ही आपल्याकडची रीत आहे, पण दिवसातली बरीचशी पावले घरातच पडतात.